पत्त्यांची हातचलाखी पारावर टिकण्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला तरुण दोन वर्षांपासून मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून पत्त्यांची हातचलाखी शिकतो आहे. डबल लिफ्ट (दोन पत्ते एक म्हणून उलटणे), पास (कॅटच्या वरच्या आणि खालच्या भागांची जागा गुपचूप बदलणे) आणि पाम (तळहातात पत्ता लपवणे) या तिन्ही क्रिया त्याला आरशासमोर व्यवस्थित जमतात, पण पारावर चारचौघांत बसून केल्या, की कोणीतरी हमखास म्हणतो, "दोन पत्ते उचलले नं भाऊ!" हाताचा वेग कसा वाढवावा, सराव किती आणि कसा करावा आणि कॅट कोणता घ्यावा, असे तो विचारतो. मी विदर्भातल्या खेड्यांत, शाळांमध्ये आणि दिवाळीनंतर जत्रेसारख्या भरणाऱ्या मंडईत बरीच वर्षे पत्त्यांचे प्रयोग करत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

वेगाचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. एखादी क्रिया पकडली जाते ती सहसा मंद असल्यामुळे पकडली जात नाही. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींहून ती वेगळी दिसते, म्हणून पकडली जाते. तुम्ही निवांतपणे बोलत, निवांतपणे पत्ते पिसत असता आणि एका क्षणी बोटे अचानक झटका देतात; त्या झटक्यात काय घडले हे बघणाऱ्याला कळत नाही, पण तिथे काहीतरी घडले एवढे मात्र नक्की कळते, आणि खेळ तिथेच संपतो. वेग वाढवला की हा फरक आणखी ठळक होतो. अर्जेंटिनाचे रेने लावँद (१९२८–२०१५) यांनी लहानपणी अपघातात उजवा हात गमावला होता. ते केवळ डाव्या हाताने पत्त्यांचे प्रयोग करीत आणि तेही मुद्दाम संथ, पुढे आणखी संथ करून दाखवीत. एका हाताच्या माणसाला जे सावकाश करता आले, ते दोन हातांच्या माणसाने घाईने करण्याचे काही कारण नाही.

तुम्ही लपवायच्या क्रियेचा सराव केला आहे, पण उघड क्रियेचा केलेला दिसत नाही. वरचा एकच पत्ता उलटून दाखवताना तुमचा हात नेमका काय करतो, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? मोबाईल समोर ठेवा, मनात कोणतीही चलाखी न आणता एकेक पत्ता उलटा आणि ते चित्रीकरण दुसऱ्या दिवशी पाहा. अंगठा कुठे टेकतो, कोणते बोट पत्त्याच्या कडेखाली जाते, पत्ता उलटताना कॅट धरलेला डावा हात थोडा खाली जातो की जागेवर राहतो, नजर पत्त्यावर असते की माणसावर, हे सगळे नोंदवून ठेवा. तुमची डबल लिफ्ट या नोंदीबरहुकूम व्हायला हवी. व्हिडिओतल्या परदेशी कलाकाराचा हात कितीही देखणा असला, तरी तो त्याचा हात आहे. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले डाय व्हर्नन (१८९४–१९९२) आयुष्यभर नैसर्गिकपणावर भर देत राहिले आणि जवळून दाखवायच्या जादूवर त्यांच्या विचाराचा ठसा आजही आहे. पण नैसर्गिक म्हणजे स्वतःच्या हाताला नैसर्गिक, हे आपल्याकडचे शिकणारे फार वेळा विसरतात.

आता डबल लिफ्टकडे सविस्तर पाहू, कारण तुमची तक्रार मुख्यतः तिच्याबद्दल आहे. दोन पत्ते एक म्हणून उलटण्याच्या या क्रियेत बहुतेक शिकणारे उलटण्याच्या क्षणावर मेहनत घेतात; खरी अडचण त्याच्या आधी, दोन पत्ते वेगळे करून ठेवण्यात असते. "हा वरचा पत्ता पाहा" असे म्हटल्यावर तुमचा अंगठा कॅटच्या मागच्या कडेवर दोन पत्ते चाचपू लागला, तर पारावरचा मेंढीकोट खेळणारा माणूस तुमची बोटे वाचतो. त्याचे सगळे आयुष्य समोरच्याच्या हातातले पत्ते वाचण्यात गेले आहे. म्हणून तयारी खूप आधी झाली पाहिजे. कॅट सारखा करताना अंगठ्याने वरचे दोन पत्ते उजवीकडे किंचित सरकवायचे आणि परत ओढताना त्यांच्याखाली करंगळीचे फक्त मांस अडकवायचे. पूर्ण करंगळी आत घालू नका. फट समोरून तर दिसू नयेच, पण मागून पाहणाऱ्यालाही दिसता कामा नये. नंतर दोन-तीन वाक्ये बोला, एखाद्याला काही विचारा आणि मगच पत्ता उलटा. उलटताना तुमच्या हाताला काहीही शोधावे लागणार नाही.

दुसरा दोष म्हणजे दोन पत्त्यांना जपून हाताळणे. ते सरकतील या भीतीने बोटे घट्ट होतात, पत्ता कॅटपासून जरा उंच धरला जातो आणि लगेच घाईने परत ठेवला जातो. एकच पत्ता असता तर तुम्ही तो असा धरला नसता. प्रयोगाआधी कॅटला लांबीच्या दिशेने हलका बाक द्या. एकाच दिशेने वाकलेले पत्ते एकमेकांना बिलगून राहतात. उलटलेली जोडी तशीच कॅटवर ठेवा, हात सैल सोडा, पत्त्याचे नाव समोरच्याच्या तोंडून येऊ द्या आणि मग ती परत उलटा. सरावात एक पत्ता आणि दोन पत्ते आलटून पालटून उलटत चित्रीकरण करा. काही दिवसांनी ते पाहताना कुठे एक होता आणि कुठे दोन, हे तुम्हालाच सांगता आले नाही, तर डबल लिफ्ट पारावर न्यायला तयार झाली असे समजा. याहून कडक कसोटी मला माहीत नाही.

तरीही "दोन पत्ते" असा शेरा येईल, कारण हे रहस्य आता मोबाईलमुळे घरोघरी पोहोचले आहे. अशा वेळी वाद घालू नका आणि तोच प्रयोग पुन्हा करून सिद्ध करायला जाऊ नका. त्याऐवजी खेळाच्या सुरुवातीलाच दोन-तीनदा खरोखरचा एकच पत्ता उलटा, तो कोणाच्या तरी हातात द्या, सतरंजीवर टाका, परत घ्या. हा माणूस एकेक पत्ताच उचलतो, हे बघणाऱ्याच्या मनात आधी पक्के झाले पाहिजे.

पासबद्दल माझे मत तुम्हाला आवडणार नाही. पास म्हणजे निवडलेल्या पत्त्यावरचा भाग आणि खालचा भाग यांची जागा गुपचूप बदलणे. ती सुंदर क्रिया आहे, ती शिकण्यात वर्षे घालवणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या पारावर तिची गरज नाही. पासला उजव्या हाताचा आडोसा समोरून मिळतो, बाजूने आणि खालून मिळत नाही. आपल्याकडे माणसे तीन बाजूंनी बसतात आणि लहान पोरे अगदी पुढे, जमिनीच्या जवळ बसतात. त्यांची नजर तुमच्या हाताच्या खालूनच जाते. त्यापेक्षा फार सोयीचे साधन तुमच्या हातात लहानपणापासून आहे, आणि ते म्हणजे आपली नेहमीची पत्ते पिसण्याची पद्धत.

आपल्याकडे गावात कोणीही कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत सोडत नाही. आपण कॅट उभा धरतो आणि डाव्या अंगठ्याने थोडे थोडे पत्ते ओढून घेत पिसतो. जादूच्या भाषेत याला ओव्हरहँड शफल म्हणतात. व्हिडिओ पाहून शिकलेली मुले पहिल्याच मिनिटाला फर्रकन पत्ते सोडून दाखवतात आणि तिथेच पारावरच्या लोकांना कळते, की हा हात सरावलेला आहे, याच्यापासून सावध राहायचे. उलट तुम्ही त्यांच्यासारखेच साधे पिसलेत, तर त्या पिसण्यात कितीही लपवता येते. यामागे गणितही आहे. १९९२ मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी दाखवून दिले, की दोन भाग एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते पुरेसे मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागते. आपल्या उभ्या पद्धतीला मात्र त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा लागतील, कारण तिच्यात पत्त्यांचे गठ्ठे तसेच एकत्र राहतात. हे डायकोनिस तरुणपणी व्हर्नन यांच्याबरोबर जादूसाठी घर सोडून हिंडले होते आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. पत्ते मिसळल्यासारखे दिसतात पण मिसळत नाहीत, हा या पिसण्यातला दोष आपल्या कामाला फार उपयोगी आहे.

निवडलेला पत्ता वर आणण्याची पद्धत अशी आहे. पिसता पिसता निम्मा कॅट डाव्या हातात आला की थांबा आणि पत्ता त्या डाव्या भागावर ठेवायला सांगा. लगेच उजव्या हातातला एक पत्ता अंगठ्याने ओढा, पण तो आपल्या अंगाकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर राहील असा पडू द्या. उरलेले पत्ते त्यावर थोडे वेडेवाकडेच पिसा. सगळे नीटनेटके असतील तर तो एक पत्ता उठून दिसेल. आता कॅट पुन्हा उजव्या हातात घेताना अंगठ्याने त्या बाहेर आलेल्या पत्त्याला हलके वर दाबा, म्हणजे त्याच्या खाली फट तयार होते आणि फटीखालचा पहिला पत्ता हा निवडलेला पत्ता असतो. फटीपर्यंतचे पत्ते पिसून डाव्या हातात घ्या आणि उरलेला गठ्ठा एकदम वर टाका. निवडलेला पत्ता सर्वांत वर आला. यातले काहीही अवघड नाही, पण लय तुटता कामा नये. बाहेरचा पत्ता सोडताना बहुतेकांचा हात क्षणभर थबकतो. तो थबकू नये म्हणून पत्ते न पाहता, नजर समोरच्या माणसावर ठेवून, बोलत बोलत पिसण्याचा सराव करा. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे एका बोंडात असतात तेव्हा तिची नजर पुढच्या बोंडावर गेलेली असते. तुमची नजर हातांच्या तशी पुढे धावली पाहिजे. तुम्ही हातांकडे पाहिलेत तर सगळे हातांकडे पाहतील, आणि तुम्ही समोरच्याच्या डोळ्यांत पाहून खरोखर काही विचारलेत तर तो तुमच्याकडे पाहील. पत्त्यांच्या कामात याहून मोठा आडोसा मिळत नाही.

बोलण्याचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो, चलाखीची वेळ ठरवून ठेवा. लोक हसतात, कोणी चहा घेऊन येतो, पत्ता सापडल्यावर सगळे जरा मागे रेलतात, असे सैल क्षण प्रत्येक खेळात असतात. पुढच्या प्रयोगाची तयारी अशा क्षणी करा. "आता नीट लक्ष द्या" असे म्हटल्यानंतर काहीही करू नका.

पाम ही तिसरी क्रिया. तळहातात पत्ता लपवणाऱ्या बहुतेक हातांचा अंगठा काठीसारखा ताठ बाहेर येतो आणि बोटे एकमेकांना चिकटतात. रिकामा हात मांडीवर सहज ठेवून पाहा. बोटे थोडी वाकलेली आणि जवळजवळ असतात, पण त्यांत ताण नसतो. पत्त्याचा एक कोपरा करंगळीच्या टोकाजवळ आणि समोरासमोरचा दुसरा कोपरा अंगठ्याच्या मुळाशी बसला, की इतर बोटांना काहीही करावे लागत नाही. पत्ता लपवलेल्या हाताला काम द्या: त्याच हाताने कॅट वरून दोन्ही टोकांना धरून कोणाच्या तरी हातात पिसायला द्या. घरात एकटे असताना पत्ता तळहातात ठेवून दिवा लावा, पाण्याचा गडवा उचला, वहीचे पान उलटा. हात त्या पत्त्याला विसरेपर्यंत हे करत राहा. मात्र पारावर पाम वापरायचा असेल तर पाराच्या झाडाला पाठ लावून बसा. मागे माणसे उभी असतील तर तो प्रयोग त्या दिवशी वगळा. मंडईच्या मोकळ्या जागेत, सगळीकडून गर्दी असताना मी पाम कधीही करत नाही आणि तुम्हीही करू नये.

सरावाविषयी. आरसा उपयोगी आहे, पण त्यात दोन तोटे आहेत. आरशात तुम्ही स्वतःला फक्त समोरून पाहता, आणि चलाखीच्या नेमक्या क्षणी डोळे मिटून घेण्याची सवय लागते; दोष दिसू नये म्हणून मनच डोळे झाकते. मोबाईलला ही खोड नाही. तो दोन विटांवर, बसलेल्या लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चित्रीकरण करा आणि हातांबरोबर चेहराही पाहा. त्या क्षणी पापणी लवते का, खांदे उचलले जातात का, बोलणे थांबते का? माझ्या पाहण्यात तरी हातापेक्षा जास्त वेळा थांबलेल्या बोलण्याने खेळ उघडा पडला आहे.

एका बैठकीत तीन तास घासण्यापेक्षा सकाळी वीस मिनिटे आणि रात्री वीस मिनिटे बसा. एकच क्रिया शंभरदा करण्याऐवजी पिसणे, पत्ता वर आणणे, डबल लिफ्ट, पुन्हा पिसणे, अशी मिसळ करा, कारण प्रयोगात क्रिया एकेकट्या येत नाहीत. सुट्या क्रिया उत्तम येणारे आणि एकही पूर्ण खेळ न येणारे अनेक तरुण मला भेटतात. चार खेळ निवडा, त्यांचे बोलणे लिहून काढा आणि सराव नेहमी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत करा. मांडी घालूनही करा आणि उभे राहूनही करा. दोन्हींत कोपरांची जागा बदलते आणि बसून जमलेली फट उभे राहिल्यावर सुटते.

शेतात काम करणाऱ्या हातांची अडचण शहरातल्या शिकवणाऱ्यांना माहीत नसते. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी नखांजवळची कातडी फाटते, हिवाळ्यात बोटांना भेगा पडतात आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की बोटे कधी कोरडी ठणठणीत, तर कधी घामाने ओली असतात. कोरड्या बोटांखालून पत्ता निसटतो आणि ओल्या तळहातातून पाम केलेला पत्ता कॅटवर परत सुटत नाही. रात्री झोपताना हाताला ग्लिसरीन किंवा खोबरेल तेल चोळा, सकाळी साबणाने स्वच्छ धुवा. तेलकट हात पत्त्यांना लागू देऊ नका. प्रयोगाआधी ओल्या फडक्यावर बोटे टेकवून कोरडी करा, तेवढा ओलावा पुरतो. अंगठा जिभेला लावण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण ती सर्वांना दिसते. भेगा दुखत असतील त्या आठवड्यात पाम बंद ठेवून पिसण्याचा सराव करा.

कॅटबद्दल. पत्ते मुख्यतः दोन मापांचे मिळतात, ५७ मिलिमीटर रुंद आणि ६३ मिलिमीटर रुंद. उंची साधारण ८८ मिलिमीटर. तुमचा हात लहान असेल तर पामसाठी अरुंद माप घ्या. पाठीला पांढरी किनार असलेला कॅट निवडा; किंचित सरकलेला पत्ता त्या किनारीत मिसळून जातो, पूर्ण रंगीत पाठीवर तो रेघेसारखा दिसतो. बाजारातले गुळगुळीत, पूर्ण प्लास्टिकचे पत्ते खेळायला टिकाऊ असतात, पण घामात एकमेकांना चिकटतात. शक्य असेल तर बारीक खळगे असलेल्या कागदाचा कॅट मागवा. त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. पावसाळ्यात कागद फुगतो, म्हणून कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पत्ते चिकटू लागले की अनेकजण कॅरमची पावडर लावतात. ती लावू नका, तिने पत्ते बोटांतूनही निसटतात. सरावाचा आणि प्रयोगाचा कॅट वेगळा ठेवा, आणि पारावर कोणी आपला मळका कॅट पुढे केला तर तोही घेता यावा म्हणून अधूनमधून तशाच जुन्या कॅटवर सराव करा. फरशीवर पत्ते उचलता येत नाहीत. सतरंजी किंवा घोंगडीचा तुकडा बरोबर ठेवा.

दोन गोष्टी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हा हात पैसे लावून खेळायच्या डावात कधीही बसवू नका. मित्रांच्या रमीतही नको, आणि तिथे पत्ते पिसायची पाळी आली तर ती दुसऱ्याला द्या. तसेच पत्ता ओळखल्यावर गावातल्या कोणी "याच्या अंगात काही आहे" असे म्हटले, तर ते हसून सोडून देऊ नका. ही बोटांची कला आहे असे तिथल्या तिथे सांगा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसा मिळवणे त्यात गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण अडचणीत सापडलेला माणूस त्या एका पत्त्यावरून तुमच्याकडे हरवलेली जनावरे आणि आजारी पोरे घेऊन येऊ शकतो.

पुढच्या तीन महिन्यांत पास बाजूला ठेवा. पिसून पत्ता वर आणणे आणि डबल लिफ्ट एवढ्या दोनच क्रियांवर उभे राहणारे दोन खेळ बसवा आणि ते आधी घरच्या सपरीत (ओसरीत) दोन-तीन माणसांना दाखवा. त्यांना काय दिसले ते विचारू नका, काय घडले ते सांगायला लावा. त्यांच्या सांगण्यात तुमच्या पिसण्याचा उल्लेखही आला नाही, तर तो खेळ पारावर न्या. आला, तर त्या जागेचे चित्रीकरण करून पुन्हा पाहा.